१९१८ च्या कोल्हापूर संस्थानातील खेड्यात घडणारी खुनाची कथा

प्रश्न:
पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका काल्पनिक गावावर मी रहस्यकथा लिहीत आहे. पावसाने दगा दिला आहे, इन्फ्लुएंझाची साथ घरोघरी शिरली आहे, आणि अशातच गावचा माजी कुलकर्णी (वंशपरंपरेने जमिनीच्या नोंदी व हिशेब ठेवणारा वतनदार) ओसरीवर मृतावस्थेत आढळतो. संशय प्रथम कोणावर गेला असता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, गारगोटी:
त्याच वर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, हे आपण कथेच्या केंद्रस्थानी ठेवावे. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेले दप्तर सोपवण्याची वेळ आली, की कोणत्या जमिनीची नोंद कोणी फिरवली, हे उघडे पडण्याची धास्ती सावकारापासून पाटलापर्यंत अनेकांना असणार. लाल रुमालात बांधलेल्या मोडी कागदांपैकी एकच ताव गायब असल्याचे दाखवा. खुनाचे कारण तिथेच सापडेल.

प्रतिसाद, कागल:
वरील मत पटते. मात्र गावाचे बोट आधी महार, मांग, रामोशी वा बेरड वस्तीकडेच वळले असते, हे टाळू नका. या जमातींना गुन्हेगार मानून त्यांच्यावर लादलेली रोजची सक्तीची हजेरी महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली होती. हुकूम निघाला, तरी गावकऱ्यांची नजर एका रात्रीत बदलत नाही, आणि माझ्या मते कथेतला खरा अन्याय हाच आहे.

प्रतिसाद, कोल्हापूर शहर:
मृत्यू ऑक्टोबरात घडवा. मुंबई इलाख्यात तेव्हा साथ शिगेला पोहोचली होती, त्यामुळे विषप्रयोगही तापाच्या नावावर सहज खपला असता.