मिस्सात वाचन करायला सांगितलंय, पण हातपाय गार पडतात

वाडीची_लेक:
आम्ही मूळचे सावंतवाडीचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं म्हापशाजवळ राहतो. घरात मालवणी, शाळा मराठी, प्रार्थनाही मराठीतच पाठ. इथं देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा (उपासना) धरून सगळं कोंकणी, तेही रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. गेल्या रविवारी फादरनी अडवून सांगितलं, "बायबल वाचणाऱ्या वाचकांच्या यादीत तुझं नाव घालतो." नको म्हणायचं होतं, तेही तोंडातून फुटलं नाही. आल्या-आल्या वाड्यावरच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) मी 'शांती' हा शब्द 'क्सांती' असा वाचला होता. दोघी-तिघी हसल्या. अजून कानात आहे ते हसू. काय करू?

बार्देसची_बाय:
अगो बाय, माझं माहेर कुडाळ. 'क्सांती' मीपण वाचलंय, तेही मयताच्या घरी!

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या बायका दर गुरुवारी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आजाऱ्यांना भेटायला जायच्या. मी जायची, पण थर्मास धरायला. बाकीच्या खाटेशी बसून बोलायच्या, मी पेल्यात पेज ओतायची. बरं वाटायचं त्यात, कोणी काही विचारत नसे.

एकदा दोडामार्गकडचा एक म्हातारा होता, पाय कापलेला. बायको कागदांचा गठ्ठा घेऊन भिंतीला टेकून उभी. आमच्यातल्या एकीने कोंकणीत विचारलं, ती नुसती बघत राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, "खंयसून इलात?" त्या बाईने माझा हात धरला तो तासभर सोडला नाही. कुठला कागद कुठल्या खिडकीवर, औषधं कुठे, परतीची बस कुठून, सगळं तिला मालवणीत समजावलं. पुढच्या गुरुवारी वॉर्डातली नर्सच म्हणाली, "ती मराठी बोलणारी कुठाय?" सिंधुदुर्गातून किती माणसं बांबोळीला येतात ते तुला ठाऊकच आहे. ज्या बोलीची मला लाज वाटायची, तिलाच तिथे मागणी!

त्याच म्हाताऱ्यासाठी मी पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. मध्येच अडकले, पुढचं काही सुचेना. तो म्हणाला, "तुमच्या देवाक माझा नाव सांगा, रवळनाथाक मी सांगतंय." हसूच आलं मला. प्रार्थना राहिली ती राहिलीच.

देवळात माईकसमोर मात्र पुढेही वर्षभर पाय कापायचे. तिथे वही कामाला आली. वाचन कुठलं ते आधी कळतंच, ते शनिवारी देवनागरीत उतरवून काढ. 'एक्स' म्हणजे श. 'एल' दोनदा आला की ळ, 'टी' दोनदा आला की ट. शब्दाच्या शेवटी 'एम' असेल तर ओठ मिटायचे नाहीत, नाकातून सोडायचा. बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रांतली वाक्यं लांबलचक असतात, कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मार. मी अजून मारते.

जुनी_पोथी:
थोडं अवांतर. फादर स्टीफन्स हे इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं मराठी क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, गोव्यातल्याच सासष्टीत राशोलला छापून झालं 1616 मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली. त्या काळात त्यांच्या उच्चारांना सासष्टीतली पोरं हसली नसतील असं मला तरी वाटत नाही. आणि गंमत म्हणजे छपाईचे देवनागरी खिळे नसल्याने जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या त्यांना रोमी अक्षरांत छापाव्या लागल्या. म्हणजे मराठी माणसाचं रोमीशी भांडण चारशे वर्षांचं आहे, तुमच्यापासून सुरू झालेलं नाही.

पेद्रू_म्हापसा:
मी जरा वेगळं सांगतो. सगळ्यांनी माईकवर जायलाच हवं असं नाही. माझी बायको वीस वर्षं वेदीची फुलं आणि कपडे बघते, एक शब्द बोलत नाही. पण तुम्हाला मनातून वाचायचं असेल (असावं, नाहीतर इथे विचारलं नसतं), तर एकदम पहिलं वाचन घेऊ नका. मोशेनेही "मी जड जिभेचा" म्हणून अंग काढलं होतं, तेव्हा देवाने अहरोनाला जोडीला दिलं. फादरना सांगा, आधी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांतली एकच द्या. दोन ओळींचं काम. आणि माईक ओठांना चिकटवू नका, श्वास घुमतो.

वाडीची_लेक:
सगळ्यांना देव बरें करूं. फादरना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. येत्या रविवारी एक प्रार्थना माझी. वहीत उतरवून ठेवलीय. दोन ओळींत 'एक्स' तीनदा आलाय!