अनुभव धागा: कॅसेटवाला टीव्ही गेम, दोन रिमोट आणि आपल्या मालकीची वस्तू

दारव्हेकर
दिवाळीची साफसफाई सुरू आहे. काल सज्ज्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली, त्यात आमचा टीव्ही गेम निघाला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, बंदुकीची वायर उंदरानं खाल्लेली. अडॅप्टर मेलेला आहे, म्हणून अजून लावून पाहिला नाही. पण रिमोट हातात घेतला अन् अंगठा आपोआप त्या अधिकच्या चिन्हावर गेला.

१९९७ साली बाबांनी कापूस विकून यवतमाळहून आणला होता. पैसे मोजले, पिशवीत टाकला, एसटीनं घरी आला. त्या दिवसापासून तो आमचा. अर्ध्या गावानं खेळला, कॅसेटी अदलाबदल केल्या, कोणाची परवानगी लागली नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. मागच्या महिन्यात त्याला नवीन गेमची डिस्क घेऊन दिली. घरी येऊन लावली तर अर्धा गेम डिस्कवर नाहीच, उरलेला ७० जीबी उतरवा म्हणते. गावात वायफाय नाही, मोबाईलचा पॅक दिवसाला दीड जीबी. म्हणजे दीड महिना! पोरगं डिस्क उशाशी घेऊन झोपलं. मला फार लागलं ते.

तुमचे अनुभव लिहा. कॅसेट, रिमोट, गेम पार्लर, काहीही.

संत्राबाग
कॉन्ट्रा गेमची धबधब्याची स्टेज!! दादा भराभर वर चढे, स्क्रीन त्याच्यासंग वर सरके अन् मी खाली राहून मरो. दर वेळी. "थांब ना गा" म्हणून रडलो आहे मी.

मूर्तिजापूर_लोकल
वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. कॉन्ट्रात तीस लाईफ. हे आमच्या गावात कोणी आणलं माहीत नाही, पण पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

दारव्हेकर
@मूर्तिजापूर_लोकल तो कोड कोनामी या जपानी गेम कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा गेम घरच्या मशीनवर आणताना त्यांना स्वतःलाच तो गेम कठीण जात होता, तपासणीसाठी म्हणून टाकला अन् आत राहून गेला. २०२० मध्ये वारले.

मूर्तिजापूर_लोकल
माहीतच नव्हतं भाऊ. लय उपकार त्यांचे.

धाकटी_पाती
दुसऱ्या रिमोटले स्टार्ट अन् सिलेक्ट नव्हतं, हे कोणी लिहिलंच नाही काऊन? मी लहान म्हणून मले सदा तोच भेटे. गेम सुरू कराचा तरी दादा, थांबवाचा तरी दादा. मले पाणी प्यायले जायचं असलं तरी त्याले इचारावं लागे. आपला गेम ज्याची नक्कल, तो निन्टेन्डोचा मूळ जपानी फॅमिकॉमच तसा होता, १९८३ चा. दुसऱ्या रिमोटवर त्या दोन बटणांच्या जागी माईक होता. आपल्या नकलेत माईकही नव्हता, बटणंही नव्हती.

वर्धेची_मावशी
कुकर लावून लिहिते आहे. आमच्याकडे मुलींचा नंबर येईपर्यंत लाईन जायची. पण बंदुकीच्या गेममध्ये मला कोणी हरवलं नाही, एकही बदक सुटत नसे. मागच्या वर्षी हौसेनं लेकाला दाखवायला गेले तर नव्या एलईडी टीव्हीवर एक गोळी लागेना. फार हिरमोड झाला हो. मला वाटलं माझीच नजर गेली.

टीव्ही_मेकॅनिक
ताई, नजर नाही गेली. बंदुकीतून काहीच निघत नाही, तिच्या तोंडात उजेड ओळखणारा डोळा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो अन् बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीनं तो पाहिला की बदक पडलं. हा हिशेब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलेला, नव्या टीव्हीत चित्र उशिरा येते. जुना डब्बा टीव्ही कोणाच्या गोठ्यात पडला असल तर आणा.

अन् कॅसेटीत फुंकर मारणं बंद करा सगळे! तोंडाची वाफ पिनांवर बसते अन् हिरवा गंज चढतो. काढून परत लावल्यानं पिना जुळत होत्या, फुंकरीनं नाही. खोडरबर घासा, वरून थोडं स्पिरिट.

संत्राबाग
बटण दाबूनही लागत नाही त्याले काय करावं काका?

टीव्ही_मेकॅनिक
रबराखालचा काळा ठिपका झिजला असल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गोल कापून चिकटव. टीव्हीच्या रिमोटलेही हाच इलाज. चार स्क्रू, दहा मिनिटं.

आता येतात ते रिमोट पाहून जीव जळते. अंगठ्यानं फिरवायची काडी आपोआप एका बाजूला ओढते म्हणून पोट्टे घेऊन येतात. आत घासून चालणारा पार्ट आहे, झिजणारच. चुंबकावर चालणारी काडी झिजत नाही, सेगा कंपनीनं १९९८ च्या ड्रीमकास्ट मशीनच्या रिमोटमध्ये ती दिली होती. म्हणजे जमत नाही असं नाही. मागच्या हप्त्यात एका पोराचा उघडला, पार्ट बोर्डाले चौदा ठिकाणी डाग देऊन बसवलेला. बापानं सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिला होता. साधा खटक्यानं निघणारा पार्ट ठेवला असता तर त्या पोराले तालुक्याले यावं लागलं नसतं.

चिखली_रोड
२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन या गेम मशीनसाठी जुन्या डिस्क देण्याघेण्यावर बंधनं आणतो म्हटलं होतं. लोक इतके भडकले की महिन्याभरात मागं घेतलं. बोललं की फरक पडतो. यूबीसॉफ्ट या गेम कंपनीनं मात्र द क्रू नावाचा २०१४ चा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला. विकत घेतलेल्यांचाही. एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत होता. आपलं वावर विकत घ्यावं अन् धुऱ्यावर दुसऱ्याचं कुलूप, तसं.

अकोला_शिक्षक
एक मात्र लिहितो, राग मानू नका. आपण खेळलो ते सगळं नक्कल केलेलं होतं. ज्यांनी ते गेम घडवले त्यांना आपल्या पैशातलं काही मिळालं नाही. "९९९९ गेम" लिहिलेल्या कॅसेटमध्ये वीसेक गेम फिरून फिरून येत, तीही फसवणूकच.

दारव्हेकर
खरं आहे सर. पण तेव्हा अस्सल मशीन आमच्या तालुक्यात कोणी विकायलाच आणली नाही. असती तरी बाबांना परवडली नसती. लेकरांच्या हाती जे आलं ते आलं.

धाकटी_पाती
तान्ह्या पोळ्याचा बोजारा आठवते का कोणाले? लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरलो अन् त्या पैशाची कॅसेट घेतली होती.

वर्धेची_मावशी
आमच्याकडे अजून होतो गं तान्हा पोळा. या वर्षी लेकानं बैलाला स्वतः चाकं लावली. थांबा, शिट्या झाल्या.

परतवाडा
माझ्या चुलतभावाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला, कोपराच्या खालून. तेव्हा तो सोळा वर्षांचा. त्यानं रिमोट जमिनीवर ठेवून पायाच्या बोटांनी दिशा अन् डाव्या हातानं बटणं असं चालवायला शिकून घेतलं. मारियोचा शेवटचा किल्ला त्यानंच पार केला, आम्ही नाही. २०१८ मध्ये एक्सबॉक्सचा अपंगांसाठीचा कंट्रोलर आला, मोठी बटणं, पायानं दाबायचे स्विच जोडता येतात. त्याला फोटो दाखवला. बराच वेळ पाहत बसला. म्हणे, मी करत होतो तेच आहे हे.

संत्राबाग
🙏

टीव्ही_मेकॅनिक
@परतवाडा भावाले माझ्याकडं घेऊन या. पायानं दाबाचे स्विच मी बनवून देतो, जुन्या रिमोटच्या बोर्डाले जोडता येते. पैसे नको.

परतवाडा
रविवारी येतो काका.

दारव्हेकर
@धाकटी_पाती तुझं वाचून रात्री झोप नाही लागली. मी मोठा. आमच्या धाकट्याला मी बारा वर्षं दुसराच रिमोट दिला. तो दिवाळीला पुण्याहून येतो आहे. त्याच्या आत अडॅप्टर आणतो, पहिला रिमोट त्याला.

टीव्ही_मेकॅनिक
अडॅप्टर घ्यायच्या आधी मशीनखाली किती व्होल्ट लिहिलं ते पाहा, अन् पिनीत प्लस आत की बाहेर तेही. उलटं लागलं तर बोर्ड जळते. फोटो टाका, मी सांगतो.

दारव्हेकर
९ व्होल्ट लिहिलं आहे. बाकी पुसलं गेलंय. बुधवारी बाजाराच्या दिवशी मशीनच घेऊन येऊ का?

टीव्ही_मेकॅनिक
या. बंदूकही आणजा, वायर बदलून ठेवतो.