मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक सहा मिनिटांत तापून बंद पडतो (काळी माती, कापसाचा परिसर)

नमस्कार मंडळी,

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, कास्तकारी करतो. पुतण्यासाठी मागच्या उन्हाळ्यात एक वापरलेला आरसी ट्रक घेतला. १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक, चारही चाकांना जोर असलेला. मोटर ब्रशलेस, ३५०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे), बिनसेन्सरची. बॅटरी ३ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), ५००० एमएएच. स्पर (मोठा गिअर) ५४ दात्यांचा, पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) १५ चा. पुतण्या आठवीत आहे, ट्रकवर त्याचा जीव आहे. आजूबाजूच्या तीन गावांत मिळून पाच ट्रक झालेत आणि संक्रांतीला सगळ्यांनी एकत्र पळवायचं ठरलंय.

दुखणं असं की पहिली पाच मिनिटं ट्रक झकास पळतो. मग जोर उतरत जातो आणि सहाव्या मिनिटाला ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) पुरवठा तोडतो. ट्रक जागेवर उभा, दिवा लुकलुकत राहतो. दहा मिनिटं सावलीत ठेवला की परत चालू. बॅटरी संपली म्हणावं तर तसंही नाही, थांबल्यावर प्रत्येक सेल ३.७५ व्होल्टच्या आसपास असतो. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या ओळखीच्या दादांकडून लेझर थर्मामीटर मागून आणला: मोटर ९८ अंश, ईएससी ९१. (आधी कोरोनाच्या वेळचा कपाळावर धरायचा थर्मामीटर लावून पाहिला होता. तो ४३ च्या वर आकडाच दाखवत नाही. कोणी त्याच्या भरवशावर राहू नये.)

मला काळजी याची की सध्या डिसेंबर आहे, दुपारी २८ अंश असतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. थंडीत ही गत असेल तर उन्हाळ्यात मोटर जळणारच.

ट्रॅक आम्हीच केलाय, पांदणीच्या कडेला. अर्धा मुरुमाचा, अर्धा काळ्या मातीचा. दोन उड्या आहेत. एका बाजूला आमचं वावर, तिथे पराटी (कापसाचं पीक) उभी आहे, वेचणी चालू आहे.

आतापर्यंत केलेलं: मोटरवर पंखा बसवला, फरक नाही. बेअरिंगं पेट्रोलमध्ये धुऊन वाळवून परत बसवली. स्पर आणि पिनियनला वंगण लावलं. मागचे शॉक (धक्के झेलणारे, तेल भरलेले दांडे) गळत होते, त्यात शिलाई मशीनचं तेल भरलं. तेव्हापासून उडीनंतर मागची बाजू चेंडूसारखी उसळते, दोनदा ट्रक पालथा झाला. पण आधी तापण्याचं सांगा, शॉकचं नंतर पाहू.

पुतण्या दोन दिवसांपासून एकच प्रश्न विचारतोय, "काका, मोटर बदला लागन का?" नवीन मोटर घेणं या हंगामात मला जमणार नाही. कापसाचे पैसे अजून हाती आले नाहीत.

प्रतिसाद, नागपूरहून:

भाऊ, मोटर विकत घेऊ नका. आधी मोटरचा दोष आहे की तिला ओढावं लागणाऱ्या ओझ्याचा, ते ठरवा. बॅटरी काढा, मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन स्परपासून दूर सरकवा. मग ट्रक घरातल्या फरशीवर ठेवून एका बोटानं ढकला. नीट घरंगळला तर ठीक. अडला, तर दोष चाकांपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या रस्त्यात आहे आणि मोटर बिचारी ते सगळं ओढत तापतेय. तसंच ट्रक उचलून एकेक चाक हातानं फिरवा, मात्र डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) पलीकडच्या बाजूचं चाक उलटं फिरेल, त्याला दोष समजू नका.

आणखी दोन गोष्टी. बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतलं की आतलं तेलही जातं. वाळल्यावर प्रत्येकात हलक्या तेलाचा एक थेंब टाकायलाच हवा, नाहीतर कोरडं बेअरिंग थोड्या दिवसांत खरखरतं. आणि उघड्या गिअरवरचं वंगण आजच पुसून काढा. प्लास्टिकचा स्पर कोरडाच चालतो. वंगणावर तुमच्याकडची बारीक धूळ बसली की त्याचा घासायचा लेप होतो आणि दाते खाऊन टाकतो.

प्रतिसाद, अमरावतीहून:

दादा, मी गणित सांगते. ३ सेल पूर्ण भरलेले असताना १२.६ व्होल्ट, गुणिले ३५००, म्हणजे मोकळ्या मोटरचे मिनिटाला ४४ हजारांवर फेरे. ५४ ला १५ म्हणजे ३.६ चं प्रमाण. कडक, सपाट जागेवर हे चालून जाईल, पण भुसभुशीत काळ्या मातीत चाकं रुततात, मोटरला हवे तेवढे फेरे घेता येत नाहीत आणि ती जास्त करंट ओढते. उष्णता तिथेच तयार होते. पंखा ती फक्त बाहेर फेकतो, कमी करत नाही. १३ चं पिनियन लावा, प्रमाण ४.१५ होईल. वरचा वेग थोडा जाईल, पण तुमच्या ट्रॅकवर तो वेग गाठायला जागा तरी कुठे आहे?

पिनियन बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घालून मोटर दाबा, स्क्रू कसा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडायला हव्यात, ती फाटायला नको. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून पाहा, एखाद्या जागी घट्ट लागत असेल तर अंतर त्या जागेवर ठरवा. गिअर एकमेकांत रुतून बसले असतील तरी मोटर अशीच तापते. स्लिपर क्लच (जोराचा झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा) पार सैल असेल तर तोही घसरून उष्णता करतो. एक विनंती, एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी तापमान लिहून ठेवा. सगळं एकदम बदललं तर गुण कशाला आला ते कधीच कळत नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर पुतण्या आणि मी बसलो. पिनियन सरकवून फरशीवर ढकललं तर ट्रक हातभर जाऊन थांबला. मग एकेक चाक फिरवत गेलो. पुतण्यानंच पकडलं, "काका, मागचं उजवं जड फिरते."

खाली पांढरा रुमाल अंथरला, कारण हेक्समधली (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) बारीक पिन एकदा मातीत पडून हरवली होती. नट काढला, चाक काढलं, हेक्स ओढला. ॲक्सल आणि बेअरिंगच्या मधे एक काळं कडं बसलेलं. मला ते रबरी सीलच वाटलं. पुतण्यानं सुईनं टोकरलं आणि त्याला दोरा लागला. ओढला तर निघतच राहिला. कापूस होता तो! वेचणीत खाली गळलेला कापूस चाकात येतो, ॲक्सलभोवती गुंडाळतो आणि फिरून फिरून त्याला समईच्या वातीसारखा पीळ बसतो. त्यात काळी माती शिरून ते कडं इतकं टणक झालं होतं की ब्लेडनं कापावं लागलं. बेअरिंगच्या एका बाजूचं सील आत दबलं होतं, बोटात धरून फिरवलं तर वाळू दळल्यासारखा आवाज. ते टाकलं, ५ बाय ११ मिलिमीटरचं जवळ एक जादा होतं ते बसवलं. डाव्या चाकातही कापूस निघाला, पण थोडा.

ताईंनी सांगितलं तसं एक-एक केलं. नुसता कापूस काढून, बेअरिंग बदलून आणि बाकीच्यांना तेल देऊन आज सकाळी सहा मिनिटं पळवला: मोटर ८२. वंगण पुसून, कागदाची पट्टी घालून गिअर परत बसवले: ७८. १३ चं पिनियन शेजारच्या गावातल्या मुलाकडे होतं, ते लावून संध्याकाळी दहा मिनिटं सलग पळाला: ७१ अंश. एकदाही बंद पडला नाही. पुतण्यानं तिन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत.

प्रतिसाद, यवतमाळहून:

वा, फार बरं वाटलं वाचून. कापसाचा त्रास आम्हालाही आहे, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या) कारखान्याजवळ पळवलं की हमखास. फेब्रुवारीपर्यंत दर दोन बॅटऱ्यांनंतर चारही चाकं काढून पाहायची सवय लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मोटर आणि गिअरवर जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, कापूस अडतो आणि वारा लागत राहतो. जाड कापड बांधू नका, आत भट्टी होईल. पळवून झाल्यावर रंगाच्या कोरड्या ब्रशनं माती झाडा. हवेचा पाइप बेअरिंगवर रोखून मारू नका, धूळ सीलच्या आत जाते. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी काळ्या मातीत उतरवू नका. ती चाकाला अशी थापली जाते की चाकाचं वजन दुप्पट होतं.

आता शॉक. शिलाई मशीनचं तेल लगेच काढा. एक तर ते फारच पातळ आहे, म्हणून स्प्रिंगला कोणी आवरतच नाही आणि मागची बाजू उसळते. दुसरं, शॉकमधले रिंग सिलिकॉन रबराचे असतील तर खनिज तेलानं ते फुगतात आणि गळती वाढते. रिंग बदला आणि सिलिकॉनचंच शॉक तेल घ्या. मागे ३५ नंबरनं (नंबर मोठा तितकं तेल दाट) सुरुवात करा, उन्हाळ्यात तेल पातळ होतं तेव्हा ४० करा. भरताना दांडा सावकाश खालीवर करत बुडबुडे पूर्ण निघू द्या, मग पाच मिनिटं उभा ठेवा, मगच टोपण लावा. उंची अशी ठेवा की ट्रक हातभरावरून सोडल्यावर ड्राइव्हशाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) जमिनीला समांतर बसतील.

बॅटरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. पळवून आल्यावर गरम असताना चार्जला लावू नका. ५००० च्या बॅटरीला ५ अँपियरपेक्षा जास्त देऊ नका. आठवडाभर पळवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद.

धागाकर्ता:

दादा, बॅटरीचं बरं झालं सांगितलं. आमच्याकडे लोडशेडिंग असलं की ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्जर चालवतो आणि घाईत गरम असतानाच लावत होतो. ते आजपासून बंद.

मच्छरदाणी आईनं शोधून दिली, उद्या शिवून देते म्हणाली. ३५ नंबरचं तेल आणि रिंग मागवले आहेत, आठ दिवसांत येतील. तोवर पुतण्याला उडीवरून न्यायला मनाई केली आहे, नुसते सपाट फेरे. तेल भरल्यावर उडीचं काय होतं ते इथेच लिहितो. वर्धा किंवा हिंगणघाट भागात कोणाकडे ५ बाय ११ ची जादा बेअरिंगं असतील तर कळवा, पुढच्या दोन्ही चाकांचीही बदलून घ्यावी म्हणतो.