मदत हवी आहे: आमच्या सायकलवाल्या काकांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमच्या वाड्याशेजारी तासावर सायकल भाड्याने देणारे एक काका होते. गेल्या महिन्यात गेले, ८५ वर्षांचे होते. घरच्यांना विचारलं नसल्याने नाव इथे लिहीत नाही, पण त्या भागात वाढलेले ओळखतीलच. भाड्याच्या वहीत आमची नावं नसायचीच, 'जोश्यांचा धाकटा', 'दातांत फट' अशा नोंदी! पंक्चर काढताना टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा आम्हालाच शोधायला लावायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा दुकानात कमरेच्या वर पाणी होतं, आणि नंतर आठवडाभर ते चिखलातून स्पोक वेचत होते, हे त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय.

वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायचा विचार आहे. दुकानाचा एकही फोटो घरच्यांकडे नाही. तेव्हा कोण कशाला दुकानाचा फोटो काढतंय म्हणा. तुमच्या जुन्या अल्बमात, मुंजीच्या वरातीमागे वगैरे, ते दुकान चुकून आलंय का, बघाल का प्लीज?

दुसरं, त्यांचे पाने, हातपंप आणि नगरपालिकेच्या सायकल परवान्याचे पितळी बिल्ले डबाभर आहेत. मुलगा भंगारात द्यायला निघाला होता, कसाबसा थांबवलाय. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात अशा वस्तू घेतात का? कुणी दिल्या असतील तर अनुभव सांगा. आठवण असेल तर दोन ओळी इथेच लिहा, मी उतरवून घेईन.