पासोलिनीच्या सिनेमाच्या नकला मूळ गोष्टींच्या जास्त जवळ आहेत का?

आडवाटकर
इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा 'डेकॅमेरॉन' हा सिनेमा १९७१ला आला, बर्लिनच्या महोत्सवातून 'रौप्य अस्वल' पारितोषिक घेऊन गेला आणि इटलीत तुफान चालला. पुढच्याच वर्षी तशाच चावट सिनेमांचं पीक आलं. त्यांना 'देकामेरोतिको' म्हणतात. खर्च किरकोळ: मध्ययुगीन गावं तिथे आयतीच उभी, कपडे थोडे (तेही अंगावर टिकायचे नाहीत). असे पाच-सहा पाहिले. माझं मत, लोककथेच्या जास्त जवळ हेच आहेत. मूळ 'डेकॅमेरॉन' पुस्तकात बोकाचो या इटालियन लेखकानं १३५०च्या आसपास दहा दिवसांत सांगितलेल्या अशा शंभर गोष्टी लिहिल्या, पण त्यातल्या कितीतरी आधीपासून तोंडोतोंडी फिरत होत्या. चावट गोष्ट चावटपणेच सांगावी. पासोलिनी मात्र सिनेमात स्वतः जोत्तो या चित्रकाराचा शिष्य बनून भिंती रंगवत बसतो!

तिसरी घंटा
साफ चूक. डेकॅमेरॉनमधली पेरोनेल्लाची गोष्ट घ्या. नेपल्सची गरीब बाई, सूत कातते, नवरा गवंडी. तो अवेळी घरी येतो, प्रियकर रांजणात दडतो. नवरा खुशीत: रांजण पाच नाण्यांना विकला, गिऱ्हाईक घेऊन आलोय. ही उलट त्यालाच झापते. मी घरबसल्या सातला विकला, गिऱ्हाईक आत उतरून बघतंय! शेवटी नवराच आत उतरून रांजण खरवडतो, ही तोंडावर वाकून "इथे घास, तिथे घास" सांगते, आणि मागे... असो. गोष्टीचा जीव त्या बाईच्या जिभेत आहे. नकलांमधल्या बाईला संवाद दोन, आंघोळी चार.

खडूस काका
'मूळ' म्हणजे कुठलं हो? रांजणाची गोष्ट अपुलेयस या रोमन लेखकानं दुसऱ्या शतकातच लिहून ठेवलीय. आणि आपला हितोपदेश काढा. गवळ्याच्या बायकोकडे दंडनायकाचा मुलगा आलेला, तेवढ्यात खुद्द बाप हजर. पोरगा कणगीत. मग गवळी येतो. ती बापाला सांगते, काठी उगारून रागानं बाहेर पड. नवऱ्याला सांगते, पोरावर चिडला होता, मी लपवून वाचवलं. डेकॅमेरॉनच्या सातव्या दिवशीची सहावी गोष्ट हीच, फक्त काठीऐवजी सुरी आणि प्रियकर बापलेक नाहीत.

आडवाटकर
वा काका! म्हणजे गोष्ट कुणाच्या बापाची नाही. मग पासोलिनीलाच सोवळं का?

तिसरी घंटा
बोलीसाठी. बोकाचो फ्लॉरेन्सकडचा, पासोलिनीनं माणसं नेपल्सची बोलती केली. रापलेली, दात पडलेली, नट नसलेली माणसं. नकलांमध्ये शेतकऱ्याचेही दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले.

उंबरठा
१९७५ला पासोलिनीनंच 'डेकॅमेरॉन'पासून सुरू झालेली आपली तीन सिनेमांची मालिका नाकारली. बाजारानं शरीरंही गिळली, असं त्याचं म्हणणं. त्याच्या नावानं भांडताना एवढं ध्यानात असू द्या. आणि बाईच्या चातुर्याचं केवढं कौतुक चाललंय! लिहिणारा बाप्या, कॅमेऱ्यामागे बाप्या, तिकीट काढणाराही बहुतेक बाप्याच.

आडवाटकर
तिकीट नाही काढलं, फुकटात पाहिले. दातांचं पटलं, जिभेचंही पटेल कदाचित. खरं सांगायचं तर सगळे आवाज बंद करून पाहिले. बायको शेजारच्या खोलीत होती.

तिसरी घंटा
आणि इथे संवादांवर मत देताय?!

खडूस काका
आडवाटकर, कणगी आहे का घरात?