मराठी भाषा गौरव दिनाचे फलक: ही वचने नेमकी कोणाची?

गोदाकाठ: २७ फेब्रुवारीसाठी गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर फलक लावायचेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून जमलेली यादी: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ (ज्ञानेश्वर), ‘लाभले आम्हास भाग्य’ (कुसुमाग्रज), ‘ज्ञानदेवें रचिला पाया’ (बहिणाबाई चौधरी), ‘जगात हवा असलेला बदल आधी स्वतःत घडवा’ (गांधीजी), ‘तुमचं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी प्राण देईन’ (व्हॉल्टेअर). फ्लेक्स छापायला टाकण्याआधी कसं तपासायचं?

पंचवटीकर: ‘लाभले आम्हास भाग्य’ सुरेश भटांचं. गौरव दिन कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी असतो आणि त्या दिवशी हे गीत सगळीकडे वाजतं, त्यामुळे नावं एकमेकांत मिसळतात.

‘ज्ञानदेवें रचिला पाया’ संत बहिणाबाईंचं. त्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या, १८८० ते १९५१. तुमच्या फलकावर चौधरींचा फोटो असेल तर तो आधी काढा.

अभंग तपासताना शेवटचा चरण पाहा. नाममुद्रा तिथे असते: ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘नामा म्हणे’. या अभंगात ‘बहेणि’ आहे. पण मुद्रेवर थांबू नका, आजच्या ओळींनाही लोक ‘तुका म्हणे’ जोडतात. गाथेत शोधा. तिथे अडतं ते असं: सूची अभंगाच्या पहिल्या चरणावरून लावलेली असते आणि फिरणारी ओळ बहुधा मधली असते. मधल्या ओळीने सूची चाळली की काहीच सापडत नाही, आणि खरा अभंगही खोटा वाटतो. आधी पूर्ण अभंग मिळवा, मग सूची उघडा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, बसून हे काम नीट होतं.

जुनंनाशिक: फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर १७७८ मध्ये वारले. हे वाक्य १९०६ चं, इव्हलिन बीट्रिस हॉल यांचं. एस. जी. टॅलेन्टायर या टोपणनावाने लिहिलेल्या ‘द फ्रेंड्स ऑफ व्हॉल्टेअर’ मध्ये त्यांनी व्हॉल्टेअरची वृत्ती स्वतःच्या शब्दांत मांडली. वाचकांनी ते व्हॉल्टेअरचंच बोलणं मानलं. फलकावर हॉल यांचं नाव घाला, वाक्य उत्तमच आहे.

गांधीजींच्या लेखनात ‘बदल आधी स्वतःत घडवा’ हे वाक्य त्या रूपात नाही. इंग्रजीत ते छापील स्वरूपात १९७० च्या दशकात दिसू लागतं.

गोदाकाठ: मग गांधीजींचा फलक काढूनच टाकायचा का?

जुनंनाशिक: नाही, जवळचा खरा उतारा आहे. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ या त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या साप्ताहिकामधल्या आरोग्यावरच्या लेखमालेत, सर्पदंशाच्या संदर्भात, त्यांनी लिहिलंय की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. हा आशय घ्या, खाली ‘इंडियन ओपिनियन, १९१३’ टाका, आणि अवतरणचिन्हं देऊ नका, कारण मराठी शब्द तुमचे असतील.

पंचवटीकर: राहिली ज्ञानेश्वरी. अध्याय ६, ओवी १४. फलकांवर ती ‘पैजा जिंके’ वर तोडतात, हे मला फार खटकतं. पुढे ‘ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन’ आहे. अमृताशीही पैज जिंकतील अशी रसाळ अक्षरं जुळवीन, असा कवीचा शब्द आहे तो. शेवट कापला की भाषेची नुसती बढाई उरते. चारही चरण छापा, अध्याय-ओवी क्रमांक द्या. ‘मराठाचि’, ‘मऱ्हाटाचि’ असे पाठभेद आहेत, म्हणून एकच प्रत समोर ठेवा आणि तिचं नाव बारीक अक्षरात घाला. फ्लेक्सवाल्याला मजकूर युनिकोडमध्ये न देता पीडीएफ करून द्या, फॉन्ट बदलताना अनुस्वार आणि रफार हमखास उडतात.