मदत हवी आहे: दोन पॉवर ॲम्प, एक स्पीकरजोडी, स्विच कोणता?

जुना क्लास एबी (पारंपरिक ॲनालॉग) ॲम्प आणि टीपीए३२५५ चिपचा नवा क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) ॲम्प, दोन्ही ८ ओहमच्या त्याच स्पीकरवर ताडून बघायचे आहेत. प्रीॲम्पला (पॉवर ॲम्पच्या आधी येणारा, व्हॉल्यूम ठरवणारा डबा) दोन आउटपुट आहेत. १ किलोहर्ट्झचा टोन लावून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून दोघांचं व्होल्टेज सारखं केलंय. ॲम्प बंद करून वायरी बदलून ऐकलं, पण तोवर आधीचा आवाज कानातून जातो. बऱ्याच तयार स्विचबॉक्समध्ये निगेटिव्ह कॉमन, म्हणजे दोन्ही ॲम्पचा एकत्र जोडलेला असतो. ते नकोच, कारण क्लास डीचं आउटपुट ब्रिज्ड आहे, त्याच्या निगेटिव्हवरही सिग्नल असतो. म्हणून दोन्ही स्पीकरच्या चारही वायरी तोडणारा फोर-पोल, ब्रेक-बिफोर-मेक (आधीची जोडणी तोडून मगच नवी जोडणारा) रोटरी स्विच घ्यावा म्हणतोय. गाणं चालू असताना तो फिरवला तर चालेल, की दरवेळी आधी म्यूट करावंच लागेल?